डावीकडचा एक्सल

गाडी रस्त्यात न बसता दारात बसली, एवढंच काय ते नशीब.

तृप्ती सानगडीच्या बाजारातून दिघोरीला परतली होती. अंगणात शिरताना तिने स्टेअरिंग वळवलं, तशी डाव्या चाकातून गेले कित्येक दिवस येणारी कटकट सुरू झाली. मग वाळलेलं लाकूड मोडावं तसा एकच कडाका झाला आणि गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. तिने पुन्हा पहिला गिअर टाकून रेस दिली. इंजिन नुसतं ओरडलं, गाडी जागची हलली नाही.

ओसरीत खाटेवर पडलेल्या बेबीबाई कोपरावर उठल्या. "काय झालं वं?"

"एक्सल तुटला वाटते, आई."

सासूबाई पुन्हा आडव्या झाल्या आणि छताकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

मंगळवार आणि शुक्रवार हे बेबीबाईंचे भंडाऱ्याला जायचे दिवस. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, रक्त मशीनवर शुद्ध करून घ्यावं लागे. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं तेव्हा एक खेप चुकली होती. त्या वेळी त्यांना असा दम लागला की उशा रचून बसवून ठेवावं लागलं, आणि तृप्ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून प्रत्येक श्वास मोजत राहिली होती. एसटीने जाणं जमण्यासारखं होतं, येणं नव्हतं. मशीनवरून उतरल्यावर त्यांना धड उभं राहता येत नसे, आणि एकदा येताना त्या बसच्या दांड्याला धरूनच खाली घसरल्या होत्या. म्हणून मनिषने, तृप्तीच्या नवऱ्याने, हैदराबादला कामावर जाताना ही जुनी गाडी घरी ठेवली आणि तृप्तीने ती चालवायला शिकून घेतली.

तिने सानगडीच्या भैय्याजी मेकॅनिकला फोन लावला. कटकट ऐकून नवा एक्सल त्यानेच आणून दिला होता, गिअर ऑइलच्या डब्यासकट. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा तो लोखंडी दांडा पोत्यात गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यात पडून होता. बसवायला येतो म्हणून त्याने दोन वेळा सांगितलं होतं.

"परवा येतो ना ताई!" भैय्याजी ओरडत होता, मागे बँड वाजत होता. "भाच्याच्या लग्नात आहो, बालाघाटले. गाडी हालवू नका!"

"परवा नाही जमत भैय्याजी. उद्या आईले न्याचं आहे."

"मंग दुसरी गाडी पाहा ना जी!"

दुसरी गाडी म्हणजे गावातल्या घनश्यामची जीप. ती वऱ्हाड घेऊन सकाळीच गेली होती. तुळशीचं लग्न होऊन गेलं की गावातली चाकं गावात राहत नाहीत. आणखी दोघांकडे गाड्या होत्या. एकाचा फोन लागला नाही, दुसरा "सांगतो" म्हणाला, आणि त्या "सांगतो"चा सूर तृप्तीला ओळखता येत होता.

फोन खाली ठेवून ती वळली, तर यादोराव गाडीजवळ उभे होते.

तिचे सासरे. साकोलीच्या एसटी डेपोत त्यांची सगळी नोकरी बसच्या पोटाखाली गेली होती. मागच्या साली लकवा मारला आणि उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. पाय काठीच्या आधाराने थोडा परत आला, हात आला नाही. बोलणंही गेलं. गेलं म्हणजे, एक शब्द सोडून सगळं गेलं. तो एक शब्द होता, पानी. भूक लागली तरी पानी, लाईट गेली तरी पानी, मनिषचा फोन आला तरी पानी. चुकीचा शब्द तोंडातून निघाला हे त्यांना कळत असे. चेहरा कसानुसा होई, आणि मग ते उरलेला दिवस तोंड मिटून बसत.

आता ते काठीवर वाकून डाव्या चाकाच्या मागे पाहत होते. मग त्यांनी काठी उचलून ओसरीतल्या पोत्याकडे दाखवली. मग गाडीकडे. मग तृप्तीकडे.

"मी?" तृप्ती म्हणाली. "मामाजी, मले चाक बदलता येते फक्त."

त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थाप मारली.

"काहीतरी नका करू बापा," बेबीबाई खाटेवरूनच म्हणाल्या. "तुमाले एक हात, तिले काही येत नाही. मी एसटीनं जातो उद्या. काही मरत नाही मी."

त्या असं म्हणाल्या आणि त्यातच तृप्तीचं ठरलं. ती आत गेली, जुना सलवार-कुर्ता घातला, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि यादोरावांची हत्यारांची लोखंडी पेटी ओढत अंगणात आणली.

सुरुवात चांगली झाली. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, तो एक्सलचं टोक धरून ठेवतो. तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, हे यादोरावांनी खुणेने सांगितलं. नटाची दाबलेली कड तिने छन्नीने उघडली. पान्याच्या दांड्यावर बोअरच्या पाइपाचा तुकडा चढवला. यादोराव ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि चांगल्या पायाने त्यांनी ब्रेक दाबून धरला. तृप्ती पाइपावर उभी राहिली, गाडीच्या टपाला धरून तिने दोन-चार हिसके दिले, आणि नट किंचाळून सुटला. ती पडता पडता वाचली आणि हसली. आत यादोरावही हसत होते, वाकड्या झालेल्या तोंडाने.

जॅकखाली ठेवायला तिने फरशीचा तुकडा आणला. गाडी वर घेतली, चाक काढलं. यादोरावांनी ते चाक एका हाताने लोटत नेलं आणि गाडीच्या कडेखाली आडवं सारलं. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. ते सारल्यावर त्यांनी बोट उचलून तृप्तीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

मग चाकाच्या आतलं सगळं एकेक करून सोडवायचं काम सुरू झालं. खालचा बोल्ट गंजला होता. हातोडी मारून मारून तिच्या खांद्याला कळ लागली. यादोराव जवळच्या पाटावर बसून होते. ती चुकीच्या जागी ठोकू लागली की ते काठीने टोचून जागा दाखवत. एकदा ते चिडले, तोंड उघडलं, आणि शब्द येणार नाही हे आठवून पुन्हा मिटलं. दोघांनाही घाम फुटला होता. पण बाहेरचं टोक सुटलं. लाकडाचा ठोकळा धरून मारल्यावर एक्सल चाकाच्या भागातून निसटून खाली लोंबू लागला.

राहिलं आतलं टोक, गिअरबॉक्समध्ये रुतलेलं. ते काही केल्या निघेना. पेटीतली पहार आखूड पडत होती. यादोरावांनी हाताने लांबी दाखवली, गोठ्याकडे खूण केली आणि काठी टेकत सब्बल, म्हणजे लांब पहार, शोधायला घरामागे गेले.

तृप्तीने थांबायला हवं होतं. पण ऊन उतरत चाललं होतं आणि ओसरीतून बेबीबाईंचा खोकला ऐकू येत होता, तो कोरडा, छातीत खोल जाणारा खोकला, जो मशीनच्या आदल्या दिवशी नेहमी वाढायचा. तिला वाटलं, आखूड पहारीनेच जरा आतून जोर देऊन पाहू. आत सरकायला ते चाक आडवं येत होतं. ऑइलसाठी ठेवायचं घमेलंही त्याच्यामुळे बसत नव्हतं. तिने चाक बाहेर ओढून काढलं. दोन मिनिटांपुरतंच, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकली.

न्हाणीचं पाणी त्या बाजूने परसाकडे जायचं, हे तिला रोज दिसत होतं. ते मनात आलं नाही.

यादोराव सब्बल डाव्या काखेत दाबून घराच्या कोपऱ्यावरून वळले, तेव्हा आधी त्यांना बाहेर पडलेलं चाक दिसलं. मग गाडीखालून आलेले सुनेचे पाय. मग जॅक. फरशीच्या तुकड्याची एक कड ओल्या मातीत रुतली होती आणि जॅक तिरपा झाला होता. आत तृप्ती पहारीला हिसके देत होती. प्रत्येक हिसक्याला गाडी जराशी डुलत होती, आणि प्रत्येक डुलण्याबरोबर जॅक आणखी कलत होता.

"पानी!" यादोराव ओरडले.

"आनतो ना मामाजी," गाडीखालून आवाज आला. "जरा थांबा. हात भरले माझे."

"पानी! पानी!"

"आई, मामाजीले पानी देता का जी?"

ओसरीत खाट करकरली. बेबीबाई उठल्याचा आवाज झाला.

यादोरावांनी सब्बल टाकून दिली. ते गाडीकडे निघाले, पण उजवा पाय घाईत कधीच ऐकत नसे. काठी निसटली आणि ते गुडघ्यांवर पडले. तसेच खरडत पुढे आले. जॅकच्या पायथ्याशी माती फुगून बाजूला सरत होती. त्यांच्या तोंडातून पुन्हा तोच शब्द निघाला, आणि मग शब्दही नाही, नुसता आवाज. डाव्या हाताने त्यांनी तृप्तीचा घोटा धरला.

तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. या घरात सासऱ्याने सुनेच्या सावलीलाही आपला धक्का लागू दिला नव्हता. ती समोर आली तर ते वाट सोडत. सणाला ती वाकून पाया पडे, तेव्हा ते हात वरच्या वर धरून आशीर्वाद देत. सासऱ्याचा हात आपल्या पायाला लागला म्हटल्यावर तृप्ती शहारली, आणि तिने पाय झटकन आत ओढून घेतला.

"अरे बापा! मामाजी, काय करून राहिले?"

जॅक कुरकुरला. यादोरावांनी अंग पुढे टाकलं आणि तो घोटा पुन्हा पकडला, या वेळी असा की बोटं हाडापर्यंत गेली. ते मागे रेलले. उरलेल्या अर्ध्या अंगाचा सगळा भार त्यांनी त्या एका हाताला लोंबकळवला. तृप्ती हातभर बाहेर घसरली. तिची पाठ मातीवर सोलवटली, तिला राग आला, ती काहीतरी बोलणार होती, आणि मान वळवताना तिला जॅक दिसला.

मग तिला ओढावं लागलं नाही. कोपरं, टाचा, जे हाती येईल त्याने जमीन मागे रेटत ती बाहेर फेकली गेली. पाठोपाठ जॅक उडाला आणि गाडी खाली आली. चाकामागची उघडी लोखंडी डिस्क मातीत बसली. सगळं अंगण हादरलं. गोठ्यातली म्हैस दावं ताणून मागे सरली.

तृप्ती उठून बसायला गेली, तर कमरेत हिसका बसला. तिच्या ओढणीचं टोक डिस्कखाली अडकलं होतं. ती त्या टोकाकडे पाहत राहिली. तिथे, बरोबर तिथे, तिचा खांदा होता.

बेबीबाई तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी मातीत पालथा पडलेला नवरा पाहिला, गाडीला बांधल्यासारखी बसलेली सून पाहिली, आणि तांब्या हातातून सुटला.

"कोन मेलं?" त्या ओरडल्या. "बोला ना कोनी! काय झालं?"

"काही नाही, आई. काही नाही झालं." तृप्तीच्या हातांना ओढणीची गाठ सुटत नव्हती. बेबीबाईंनी येऊन ती दातांनी सोडवली. मग दोघींनी मिळून यादोरावांना उताणं केलं, बसवलं. त्यांच्या कपाळाला खरचटलं होतं, मिशीत माती होती. ते तृप्तीच्या खांद्याकडे, हातांकडे, डोक्याकडे पाहत होते, जणू एकेक वस्तू जागेवर आहे का ते बघत होते. सगळं जागेवर आहे असं पटल्यावर त्यांचा बांध फुटला. ते लहान लेकरासारखे रडले.

"चाक मीच काढलं," तृप्ती म्हणाली. "तुमी ठेवलं होतं ना. मीच काढलं."

"बस झालं आता," बेबीबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. "मले नाही जाचं उद्या. आयकलं का दोघांनी? एसटीनं नाही, कशानंच नाही. शुक्रवारी पाहू. माह्यापायी पोरगी मारता का?"

तृप्तीलाही त्या क्षणी तेच हवं होतं. कोणीतरी नको म्हणावं, आणि आपण हात धुवून चूल पेटवावी.

यादोरावांनी तळहात जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा. मग मान हलवली, इतक्या जोरात की बेबीबाईंनी त्यांना धरलं. त्यांनी बायकोच्या पायांकडे बोट दाखवलं. घोट्यांवर सूज चढली होती, बोट दाबलं तर खळगा राहील अशी. शुक्रवारपर्यंत काय होईल हे तिघांनाही माहीत होतं.

त्यांनी तृप्तीला फावड्याकडे बोट दाखवलं.

आता ते तिला घाई करू देईनात. जॅकच्या जागची ओली माती तिने टणक जमीन लागेपर्यंत उपसून काढली. खड्ड्यात विटांचे तुकडे ठोकून बसवले. त्यावर जुन्या बैलबंडीची जाड फळी घातली. प्रत्येक वेळी यादोराव हात वर करत, पुढे सरकत, काठीने ठोकून पाहत, आणि मगच हात खाली येई. गाडी पुन्हा वर चढली. चाक कडेखाली गेलं. त्याच्या शेजारी सागाचे दोन ओंडके, एकावर एक आडवे. मग त्यांनी खुणेने सांगितलं, हलव. तृप्तीने गाडीला धक्का दिला. अजून जोरात, असं त्यांनी दाखवलं. तिने खांदा लावून रेटलं. गाडी हलली नाही.

आता आत जायचं होतं.

ती खाली बसली. पाठ टेकली. डोक्यावर गाडीची कड आली, आणि तिचं अंग थांबलं. हात पुढे जाईना. कानात तो लोखंड मातीत बसल्याचा आवाज पुन्हा आला. ती उठून बसली.

"मले नाही जमत, मामाजी."

बेबीबाई ओसरीच्या पायरीवर बसून होत्या. "राहू दे ना मंग," त्या हळूच म्हणाल्या.

यादोरावांनी तृप्तीकडे पाहिलं. मग गाडीकडे. ते पाटावरून उतरून जमिनीवर बसले, सरकत सरकत गाडीच्या कडेला आले, आणि त्यांनी आपला डावा पाय मांडीपर्यंत गाडीखाली घातला. एकच पाय चांगला होता त्यांचा, तोच. आणि ते तसेच बसून राहिले, डावा हात जॅकवर ठेवून.

"पाय काढा, मामाजी."

त्यांनी काढला नाही.

"आई, सांगा ना यायले!"

"माहं कवा आयकलं यायनं?" बेबीबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

तृप्तीने डोळे मिटले, उघडले, आणि ती आत सरकली. सगळा वेळ तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून तो पाय दिसत होता. धोतराखालची बारीक पोटरी, भेगा पडलेली टाच. सब्बलीचं टोक तिने गिअरबॉक्स आणि एक्सलच्या फटीत घातलं. ओठ घट्ट मिटून दाबलं. काही झालं नाही. तिने टोक जरा फिरवलं, पुन्हा दाबलं, आणि एक्सल उसासा टाकल्यासारखा बाहेर आला. मागोमाग काळं तेल तिच्या मनगटावरून घमेल्यात वाहू लागलं.

"निघाला!" ती ओरडली. "आई, निघाला!"

नवा एक्सल घालताना उजेड कमी होऊ लागला होता. बेबीबाई भिंतीचा आधार घेत आल्या आणि मोबाईलचा टॉर्च धरून उभ्या राहिल्या. उजेड नाचत होता. दाते जुळवून एक्सल आत सरकवायचा, मग एक ठाम धक्का द्यायचा, की आतली कडी बसते. तृप्तीने धक्का दिला. तिला वाटलं, बसला. यादोरावांनी हात आत घालून एक्सल ओढून पाहिला. तो बोटभर बाहेर आला. त्यांनी मान हलवली.

पुन्हा. पुन्हा मान हलली.

"बसला ना जी! अजून किती जाईल?" ती रडकुंडीला आली होती.

त्यांनी एक्सल हातात घेतला, अगदी थोडा फिरवला, बांगडी मनगटावर चढवताना फिरवतात तसा, आणि तिच्याकडे पाहून हनुवटी उचलली. तृप्तीने दोन्ही तळहात लावून सगळा जीव एकवटला.

खट्.

तिघांनीही ऐकलं. यादोरावांनी एक्सल धरून ओढला. मग जोरात ओढला. मग त्यांनी तो सोडून दिला, हात धोतराला पुसला आणि पाय गाडीखालून बाहेर काढला.

पुढचं सगळं, बोल्ट, चाक, तो मोठा नट, नळीने भरलेलं नवं ऑइल, हे तृप्तीने एकामागून एक केलं. नट आवळताना ती पुन्हा पाइपावर चढली, पण आता ती हसली नाही. गाडी सुरू केली तेव्हा यादोराव शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि त्यांनी काच खाली केली. तलावाच्या पाळीपर्यंत गाडी नेली. डावीकडे पूर्ण वळवली, मग उजवीकडे. यादोरावांनी डोकं बाहेर काढून चाकाकडे कान लावला होता. कटकट नव्हती. पाण्यावर बसलेले बगळे तेवढे उडाले.

सकाळी यादोरावही गाडीत बसले. एरवी ते कधी येत नसत. गाव मागे पडून थोडंच अंतर झालं होतं, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर हात आपटला. तृप्तीने गाडी कडेला घेतली. ते खाली उतरले, पाना मागून घेतला आणि चाकाच्या नटांना लावला. एक नट सहज फिरला. तृप्तीने सगळे पुन्हा आवळले. साकोलीनंतर हायवे लागला, ट्रक अंगावरून जाऊ लागले. खड्डा आला की तिघंही श्वास रोखत, खड्डा गेला की सोडत. लाखनी गेलं. वैनगंगेचा पूल ओलांडला, भंडारा आलं, दवाखाना आला.

बेबीबाईंना मशीन लागल्यावर तृप्तीने बाहेर येऊन मनिषला फोन केला. सगळं सांगितलं. चाक आपणच काढलं हेही सांगितलं.

"डोकं फिरलं होतं का तुहं?" मनिष ओरडला. "मले फोन कराचा ना! मी पाहिलं असतं काही!"

"हैदराबादवरून काय पाहत होता?"

मग त्याचा आवाज बदलला. "बाबानं ओढलं तुले?"

"हो."

"कसं ओढलं? एका हातानं?"

"पायाले धरून."

पलीकडे कोणीतरी त्याला नावाने हाक मारत होतं, मशीनचा घरघराट येत होता. "पुढच्या महिन्यात येतो मी," तो शेवटी म्हणाला. "आता नुसता पाहाले नाही. राहाले येतो. साकोलीले काही मिळालं तं ठीक, नाही तं पाहू." तृप्तीने त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते लगेच ठरवलं नाही. "ये," एवढंच ती म्हणाली.

ती आत जाऊन सासूच्या पलंगाशी स्टुलावर बसली. नळीतून रक्त जात होतं, येत होतं. बेबीबाईंचा चेहरा कालच्यापेक्षा निवळला होता. त्यांची नजर तृप्तीच्या पायांवर गेली. सलवार जराशी वर सरकली होती.

"हे काय वं?"

घोट्यावर निळे-काळे वण उठले होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

"मामाजीची बोटं," तृप्ती म्हणाली.

बेबीबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर यादोराव भिंतीला डोकं टेकून झोपी गेले होते. तोंड उघडं, काठी मांडीवर आडवी.

"एवढा जोर उरला आहे यायच्यात?" बेबीबाई म्हणाल्या, आणि हसल्या. मग हसू आवरलं आणि मोकळा हात त्यांनी तृप्तीच्या गुडघ्यावर ठेवला. "दुखते का?"

"दुखते ना, आई. मस्त दुखते."

"घरी गेल्यावर हळद लावू," बेबीबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. हात मात्र त्यांनी तिथेच ठेवला.